गच्चीवरची लोकबाग: बंगळुरूत भाजी पिकते कुठे आणि कशाच्या भरवशावर?

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याच्या पाण्याच्या वापरावर निर्बंध घातले. वाहने धुणे, बांधकाम, कारंजी आणि बागकाम यांसाठी हे पाणी वापरण्यास मनाई करण्यात आली आणि उल्लंघनासाठी ५,००० रुपयांचा दंड ठरविण्यात आला. वृत्तपत्रांचे मथळे कोरड्या कूपनलिकांनी आणि टँकरच्या वाढत्या दरांनी व्यापले होते. त्या यादीतील ‘बागकाम’ या एका शब्दाकडे मात्र शहराबाहेर फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. हा शब्द केवळ बंगल्यांभोवतीच्या हिरवळीला लागू नव्हता. बंगळुरूतील हजारो घरांच्या गच्च्यांवर रोजच्या जेवणातील भाजी पिकते, आणि तिलाही पाणी लागते.

अशा एखाद्या गच्चीवर चढून पाहिले तर प्रथम लक्षात येते ते वैविध्य. कठड्यालगत मायाळूचा वेल, शेजारच्या पिशव्यांत माठ, मेथी आणि शेपू; जुन्या पिंपात कढीपत्ता, मातीच्या कुंडीत पानओवा आणि ब्राह्मी. टोमॅटो, वांगी आणि मिरची जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतात. अधूनमधून झेंडू आणि शेवंती. झेंडू केवळ शोभेसाठी लावला जात नाही. त्याच्या मुळांतील द्रव्ये मातीतील काही उपद्रवी सूत्रकृमींना आवरतात आणि फुलांवर परागसिंचन करणारे कीटक येतात. मराठी घर असेल तर अळू हमखास आढळतो. शेजारच्या मंगळुरी कुटुंबाकडेही तो असतो. एका घरी त्याची अळूवडी होते आणि दुसऱ्या घरी पत्रोडे.

कर्नाटकातील खेड्यांत ‘बेरके सोप्पू’ म्हणजे मिसळीच्या पालेभाज्या शिजविण्याची पद्धत आहे. शेताच्या बांधावर जे कोवळे आणि खाण्याजोगे उगवले असेल ते सारे एका भांड्यात पडते. आपल्याकडील ऋषिपंचमीच्या भाजीशी तिचे नाते सहज जुळावे. शहरात आलेल्या पिढीने ही सवय सोडली नाही. एकाच पिकाचा वाफा करण्याऐवजी दहा प्रकारच्या पाल्याच्या दहा पिशव्या ठेवण्याकडे या गच्च्यांचा कल दिसतो, त्याचे एक कारण हेही असावे.

दुसरे कारण हवामानाचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात उन्हाळा कडक नसतो आणि थंडीही बेताचीच. त्यामुळे गाजर, बीट, नवलकोल यांसारख्या थंड प्रदेशातील भाज्या आणि दोडका, भोपळा, भेंडी यांसारख्या उष्ण प्रदेशातील भाज्या एकाच अंगणात वाढू शकतात. ब्रिटिश काळात या गुणाचा पुरेपूर उपयोग लालबागेने केला. हैदर अलीने १७६० मध्ये वसविलेल्या या बागेची सूत्रे १८७४ पासून १९०८ पर्यंत जॉन कॅमेरॉन यांच्याकडे होती. परदेशी रोपे आणून ती येथे रुजविण्याचे काम त्यांनी नेटाने केले. मूळ मध्य अमेरिकेतील चायोटे या वेलीच्या प्रसाराचे श्रेय त्यांनाच दिले जाते. कानडीत तिच्या फळाला ‘सीमे बदनेकाई’ म्हणजे परदेशी वांगे म्हणतात, तर तमिळनाडूत त्याचे नाव ‘बंगळूर कत्तिरिक्काय’, म्हणजे बंगळुरी वांगे असे पडले. पाहुणा एका ठिकाणी पाहुणाच राहिला आणि शेजारी जाऊन यजमानाच्या गावचा झाला.

लालबागेतील काचघराची पायाभरणी १८८९ मध्ये झाली. प्रजासत्ताकदिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथे भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांनी सामान्य नागरिकांत बागेची हौस जोपासली. मात्र बंगल्याभोवतीचे आवार गेले, तेथे मजले उभे राहिले आणि हौस जिन्याने वर चढली.

युरोपात हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविण्यात आला. नेदरलँड्समध्ये ज्यांना ‘फोल्क्सटाउन’ म्हणजे लोकबाग म्हणतात, त्या बागांची जमीन बहुधा नगरपालिकेची असते. बागाईतदारांचा संघ ती भाड्याने घेतो आणि सभासदांना तिचे तुकडे वाटून देतो. या संघांचा राष्ट्रीय महासंघ १९२८ मध्ये स्थापन झाला. एका तुकड्यात बटाटे, शेजारी डेलियाची रांग, पलीकडे बेदाण्यासारख्या आंबट फळांची झुडपे असे दृश्य तेथे नेहमीचे आहे. नियमही बरेच असतात. रोग साचू नये म्हणून बटाटा दरवर्षी एकाच जागी लावता येत नाही. कुंपणाच्या उंचीपर्यंतची शिस्त आपल्याला जाचक वाटेल, पण तिच्या मोबदल्यात सभासदाला एक गोष्ट मिळते. नियम पाळणाऱ्याची जागा वर्षानुवर्षे त्याच्याकडे राहते. महानगरांचे नियोजनकार घरांसाठी या जमिनींकडे डोळे लावतात तेव्हा भांडायला संघ उभा असतो.

बंगळुरूत अशी व्यवस्था रूढ झाली नाही. येथे जे उभे राहिले ते लोकांच्या पुढाकारातून. कीटकशास्त्राचे अभ्यासक डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी गच्चीवरील सेंद्रिय शेतीचे प्रशिक्षण देऊन या चळवळीचा पाया घातला. २०११ पासून ‘ऊटा फ्रॉम युवर थोटा’ या नावाने मेळावे भरू लागले. कानडीत ऊटा म्हणजे जेवण आणि तोटा म्हणजे बाग. बियाणे आणि रोपे यांची देवाणघेवाण हे या मेळाव्यांचे मोठे आकर्षण ठरले. लोक येण्यामागे भीतीही होती. वृषभावती नदीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या भाज्यांत जड धातू आढळल्याचे अहवाल वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहेत.

गच्ची म्हणजे शेत नव्हे, हे मात्र येथे सांगितले पाहिजे. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतका वापराचा भार धरला जातो. ओली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. म्हणजे संपूर्ण गच्चीवर केवळ १५ सेंटिमीटर जाडीचा मातीचा थर पसरला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणूनच माती कमी, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि कंपोस्ट अधिक असे हलके मिश्रण वापरतात आणि जड कुंड्या तुळयांच्या वर किंवा कडेला ठेवतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर भाज्या पिकवून दाखविल्या होत्या, आणि गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळ्यापासून सुपीक माती घडविण्याची पद्धत ‘प्रयोग परिवारा’मार्फत महाराष्ट्रात रुजविली. बंगळुरूच्या गच्च्यांवर ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टला जोर आला तो २०१२ नंतर, जेव्हा कचरा टाकण्याच्या जागांवरील गावकऱ्यांनी विरोध केला आणि शहराचा कचरा रस्त्यावर साचला.

पाण्याचे गणित याहून अवघड आहे. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणि बरेच उंच चढवून शहरात आणले जाते. दुसरीकडे, शहरात वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ९०,००० लीटरहून अधिक पाणी येते. मोठ्या भूखंडांवरील इमारतींना पर्जन्यजलसंधारण २००९ पासून बंधनकारक आहे. अडचण साठवणुकीची आहे. पाऊस मे ते ऑक्टोबरमध्ये येतो आणि टंचाई मार्चमध्ये. २०२४ च्या त्या उन्हाळ्यात भाज्या धुतलेले पाणी आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी हाच अनेकांचा आधार होता. यंत्रातील पाण्यात क्षार अधिक असतात आणि ते कुंडीत साठत जातात, त्यामुळे त्यात साधे पाणी मिसळावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि दररोज ७७.५ कोटी लीटर अतिरिक्त पाण्याची क्षमता निर्माण झाली.

जागेचा प्रश्न मात्र पाण्याने सुटणारा नाही. या शहरात मोठ्या संख्येने लोक भाड्याच्या घरात राहतात आणि करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. गच्ची घरमालकाची, गळतीची शंका आली की कुंड्या हटविण्याची सूचना येते. घर बदलताना माठ आणि मेथीच्या पिशव्या टेम्पोत चढतात, पुदिन्याचे रोप कुणीतरी मांडीवर घेऊन बसते. पिंपात चार वर्षे वाढलेला कढीपत्ता तेवढा मागे राहतो, नव्या भाडेकरूसाठी.