कटिशूलातील मणक्यांची अस्थिरता : परीक्षणांवर किती विसंबावे?

‘मणक्यात गॅप आहे’ असे सांगत येणारा रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका पन्नाशीच्या भगिनीची कंबर मी तपासली. चौथा कटिमणका प्रमाणाबाहेर हलतो, असे अंगठ्यास जाणवले. त्याच सायंकाळी एका अनुभवी स्नेही वैद्यांनी तिला तपासले. त्यांना तोच मणका जखडलेला वाटला. मी मर्दन वर्ज्य सांगितले, त्यांनी तेच सुचविले. कोणाचे ऐकावे, हा तिचा प्रश्न रास्त होता.

मणक्यांचे स्थैर्य केवळ अस्थि व स्नायुबंधांवर अवलंबून नसते. पेशी आणि त्यांचे नियंत्रण करणारी मज्जासंस्था हीही त्याची अंगे होत, असे मनोहर पंजाबी यांनी १९९२ मध्ये मांडले. म्हणूनच अस्थिरता क्ष-किरण चित्रात दिसेलच, असे नाही. तपासणाऱ्याच्या हाताचे महत्त्व येथे वाढते आणि त्या हाताची परीक्षाही येथेच होते.

दोन तपासनीसांचे मत किती जुळते, हे ‘कॅप्पा’ या अंकाने मोजतात. निव्वळ योगायोगाने जुळणारी मते वजा करून तो काढला जातो. शून्य म्हणजे योगायोगापलीकडे काही नाही, एक म्हणजे पूर्ण एकमत. हिक्स व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ६३ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात एकेका मणक्याची हालचाल दाबून ठरविण्याचा कॅप्पा उणे ०.०२ ते ०.२६ इतकाच आला. म्हणजे आमचा मतभेद अपवादात्मक नव्हता! उलट वाकून उठताना मध्येच अडखळणे, मांड्यांवर हात टेकीत वर येणे अशा विकृत हालचालींबाबत तो ०.६० होता.

सर्वाधिक, ०.८७, एकमत पालथ्या स्थितीतील अस्थिरता परीक्षणात आढळले. यात रुग्णाचे धड टेबलावर पालथे व पाय जमिनीवर टेकलेले असतात. तळहाताच्या मुळाने मणक्यांवर क्रमाने दाब द्यावा. जेथे वेदना होते, तेथे रुग्णास पाय जमिनीपासून उचलावयास सांगून पुन्हा तेवढाच दाब द्यावा. पाठीच्या पेशी आवळल्याने वेदना शमली, तर परीक्षण सकारात्मक. मात्र पुढील काही अभ्यासांत एवढे एकमत आढळले नाही, हे विसरू नये.

शिवाय एकमत म्हणजे सत्य नव्हे. दोघे वैद्य मिळूनही चुकू शकतात. कासाई व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जपानमध्ये १२२ रुग्णांची क्ष-किरण चित्राशी तुलना केली. पालथ्या रुग्णाचे दोन्ही पाय गुडघे सरळ ठेवून सुमारे ३० सेंटिमीटर उचलले असता कंबरेत तीव्र वेदना वा जडत्व येणे, हे त्यांचे परीक्षण. त्याची संवेदनशीलता ८४.२ टक्के व विशिष्टता ९०.४ टक्के आली. अर्थात, ते सर्व रुग्ण मणक्यांच्या झिजेचे होते. तरुण रुग्णास हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेत आपण कटिशूलात स्पर्शनाला झुकते माप देतो. मला वाटते, दर्शन अधिक भरवशाचे आहे. रुग्णास आधी चार वेळा वाकवून उठवून पाहावे, मग हात लावावा. मलमूत्राचा अवरोध वा गुदभागी बधिरता असल्यास मात्र यांपैकी कशातही वेळ न घालविता त्यास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

त्या भगिनीस आम्ही दोघांनी पुन्हा एकत्र तपासले. ती मांड्यांवर हात टेकीतच वर आली आणि पाय उचलताच वेदना थांबली. जोराचे मर्दन आम्ही दोघांनीही वर्ज्य केले. कटिबस्ती व पाठीच्या पेशींचा व्यायाम सुरू केला.