तळ उठल्यानंतर

सेलूच्या माणसाला जंगलात मुक्काम करायची हौस आली, तर पहिली अडचण जंगलाचीच. आमच्याकडं ‘रान’ म्हणजे शेत. ‘मालक रानात गेलेत’ असं घरातून उत्तर आलं, तर मालक पाळी घालत असतात नाहीतर कापसावर फवारत असतात. परभणी हा राज्यातल्या सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक. दुधनेच्या काठाची बाभूळ सोडली तर नजर पोचेल तिथवर काळी जमीन. झाडीतला खडबडीत रस्ता हवा असेल तर उत्तरेला जिंतूरकडं निघायचं. अजिंठ्याच्या डोंगररांगेची टोकं तिथं उतरतात, नेमगिरीची जैन लेणी लागतात, पुढं पूर्णेवरचं येलदरी धरण. दक्षिणेला गेलात तर गंगाखेडच्या बाजूनं बालाघाट.

हल्ली पोरं दुचाकीला तंबू बांधून अशा वाटांनी निघतात. नळ नाही, संडास नाही, भाडं नाही. ही कल्पना बहुतेक परदेशी व्हिडिओंतून आलेली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत कच्च्या रस्त्याकडेला बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. पाण्यापासून साधारण ६० मीटर लांब राहायचं आणि कचरा परत न्यायचा, या मुख्य अटी. नॉर्वेनं तर १९५७ च्या कायद्यानं हा हक्कच लिहून ठेवला आहे. पडीक जमिनीवर, घरापासून १५० मीटर अंतर राखून, दोन रात्री कुणालाही न विचारता राहावं. तिथं माणसं थोडी आणि मोकळी जमीन उदंड, म्हणून हे जमतं.

आपल्याकडं रान कधीच बेवारशी नसतं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा आहे. वन अधिकाऱ्यांनी मोकळीक दिलेला काळ सोडून तिथं विस्तव पेटवणं, नुसता जवळ बाळगणंही गुन्हाच. अभयारण्य असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदाही लागू होतो. तेव्हा झाडीत राहायचं तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. शेतात राहायचं तर मालकाला विचारायचं, आणि पोलीस पाटलाच्या कानावर घालून ठेवायचं.

मग पूर्वी उघड्यावर राहणारे लोक काय करत? या मुलखात त्यांची परंपरा मोठी आहे. लमाणांचे तांडे कोकणातलं मीठ घाटावर आणि देशावरचं धान्य खाली नेत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा एक तांडा भेटला होता, सगळा धान्यानं लादलेला. एवढा कबिला रात्री उतरायचा तर जागा नायक ठरवी. पाणी आहे का, चारा आहे का, हे आधी बघितलं जाई. बैलांवरच्या गोण्या उतरवून रचल्या की त्यांचाच आडोसा होई. भोवती कुत्री राखणीला.

हा व्यापार रेल्वेनं खाल्ला. १९०० च्या सुमाराला मनमाडहून हैदराबादेकडं निघालेला निजामाचा मीटरगेज लोहमार्ग सेलूवरून गेला आणि बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात चढला. त्याआधीच, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला होता. ज्याला कायमचा पत्ता नाही तो संशयित, ही नजर त्या कायद्यानं सरकारी कागदावर आणली आणि अनेक भटक्या जमातींना हजेरीत अडकवलं. तो रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. जिंतूरच्या माळावरचे तांडे आता पक्क्या घरांचे आहेत. ‘तांडा’ एवढा शब्द गावाच्या नावात उरला. म्हणून हौसेचा तंबू घेऊन निघालेल्यानं एक ध्यानात ठेवावं. पोटासाठी उघड्यावर झोपणाऱ्यांना याच मुलखात हुसकावून लावलं गेलं आहे.

त्यातले धनगर अजून तळ टाकतात. रबीची ज्वारी निघाली, रानं मोकळी झाली की मेंढरं येतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यात कोंबड्या आणि नुकतंच जन्मलेलं कोकरू. सांजेला वाघूर, म्हणजे जाळी, लावून कळप आत घेतात आणि माणसं बाहेर उघड्यावर झोपतात. जागा फुकट, पण व्यवहार चोख. लेंड्या आणि मूत रानाला खत म्हणून मिळतं, त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो किंवा पैसे मोजतो. ‘मेंढरं बसवायची का?’ हा प्रश्न शेतकरीच आधी विचारतो. वनहक्क कायद्यानं २००६ मध्ये फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्कही मान्य केला आहे.

त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ओढ्याच्या पात्रात कधी उतरू नये. वर कुठं पाऊस झाला तर लोंढा रात्रीतूनही येतो, आणि जनावरांची वाटही तीच. टिपेश्वरच्या अभयारण्यातून २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ निघाला. हिंगोली जिल्ह्यातून जाऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचेपर्यंत त्यानं पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर चाल केली. वाटेत बहुतेक शेतीच होती. दिवसा तो झुडपांत, नाल्यांच्या आडोशाला दडे आणि रात्री चाले.

दुसरी भीती सापाची. मण्यार रात्री फिरतो आणि भुईवर झोपलेल्या माणसाच्या पांघरुणात शिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून कळायला उशीर होतो. तंबूची चेन बंद ठेवावी, नाहीतर बाज आणि मच्छरदाणी बरी. बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, सकाळी बूट झटकूनच घालावेत. जवळचं सरकारी रुग्णालय कुठं आहे हे निघण्याआधी माहीत हवं. तिसरी गोष्ट आमच्या मातीची. काळ्या रानातल्या पाणंदीवर एक सर आली की चाकाला चिखल असा धरतो की गाडी जागची हलत नाही. ढग दिसले की मुरमाड माळ गाठावा. चौथी विस्तवाची. साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम मानतात. तेव्हा वाळलेल्या पाचोळ्यात चूल मांडूच नये. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून न्यावी. रात्र निभते.

आणि सकाळी निघताना मागं वळून बघावं. हौशी मंडळी उठली की पत्रावळी, बाटल्या आणि अर्धवट जळालेली लाकडं तिथंच राहतात. धनगराचा तळही कुठं पडला होता ते दिसतं, पण लगेच नाही. पुढच्या पावसाळ्यात पीक गुडघ्याला लागलं की शेतकरी बांधावर उभा राहून बोटानं दाखवतो. तेवढा तुकडा बाकीच्या रानापेक्षा काळाशार हिरवा असतो.