रमजानमध्ये सुटलेली दारू ईदनंतर परत का येते? मदत-बैठकीची वाट अशी शोधा

पालकसभा संपली की एखादी आई मागे थांबते. मूल वर्गात का झोपते, असे आम्ही विचारलेले असते. ती आधी "तब्येत ठीक नसते" म्हणते. मग इकडेतिकडे बघून हळूच सांगते, "सर, त्याचे अब्बा रात्री पिऊन येतात. कुणाला बोलू नका. मोहल्ल्यात कळलं तर मुलींची लग्नं अडतील." शिक्षकी पेशात हे बोल आम्ही एकदा नाही, अनेकदा ऐकले आहेत.

दारू हराम आहे, हे आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच ज्या घरात ती शिरते, ते घर दार लावून घेते. रमजान आला की माणूस पिणे थांबवतो, तरावीहला उभा राहतो. घरच्यांना वाटते, सुटली! ईद होते आणि आठवडाभरात बाटली परत येते. मग "ईमानच कमजोर" म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडतात. तो शरमेने आणखी पितो.

इथे एक गोष्ट समजून घेऊ या. दारूचे व्यसन हा आजारही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आहे. म्हणून पिणे गुनाह उरत नाही असे नाही. पण तौबेसोबत इलाजही लागतो. महिनाभर थांबणे वेगळे आणि थांबलेले टिकवणे वेगळे. टिकवण्यासाठी सोबत लागते, आणि ती सोबत बैठकीत मिळते.

बैठक म्हणजे काय?

'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे 'एए', हा दारूतून बाहेर पडणाऱ्यांनीच चालवलेला मदतगट आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन मद्यपींच्या भेटीतून तो सुरू झाला; त्यांतला एक शेअर बाजारातला माणूस, दुसरा सर्जन. आज महाराष्ट्रातही ठिकठिकाणी त्याच्या बैठका भरतात. फी नाही. डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो. अट एकच: दारू सोडण्याची इच्छा.

तासा-दीड तासाच्या बैठकीत लोक फक्त पहिले नाव सांगतात आणि स्वतःचा अनुभव बोलतात. मध्ये कुणी टोकत नाही, वाझ करत नाही. नुसते ऐकत बसले तरी चालते. जन्मभराची कसम घ्यायला लावत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढेच. 'बंद' बैठक फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. 'खुल्या' बैठकीत घरचे लोकही बसू शकतात.

बैठक कधी चर्चच्या खोलीत भरते, म्हणून आपले लोक बिचकतात. जागा भाड्याची किंवा मागून घेतलेली असते. एए कोणत्याही धर्माची नाही. तिथे 'ईश्वर' हा शब्द येतो, पण ज्याने-त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा असतो. आपण अल्लाह म्हणावे. शेवटी छोटी प्रार्थना होते; गप्प उभे राहिले तरी कुणी काही म्हणत नाही.

शोधायची कुठे?

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे; फोनला पैसे पडत नाहीत. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार बैठकांची माहिती मिळते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. पुण्यात १९८६ पासून चालणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे. ओळखीचे कुणी भेटेल अशी धास्ती असेल तर दुसऱ्या भागातली बैठक निवडा. निघण्याआधी फोन करून वार, वेळ आणि भाषा पक्की करा. मगरिबच्या वेळेशी अडचण येत असेल तर दुसऱ्या वेळेची बैठक विचारा. आणि एका बैठकीवरून मत बनवू नका. निदान पाच-सहा वेळा जा.

आधी डॉक्टर, मग बैठक

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर हात थरथरतात, घाम सुटतो. काहींना झटके येतात, भास होतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून "उद्या पहिला रोजा, आजपासून बंद" म्हणत त्याला खोलीत कोंडू नका. रमजानच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांना दाखवा. झटका आला किंवा भास होऊ लागले तर थेट दवाखान्यात न्या.

तो जायला तयार नसेल तर?

तुम्ही जा. बायको, आईबाप, भावंडांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' नावाचे वेगळे गट आहेत. नवऱ्याचे पिणे आपल्यामुळे नाही, आपण बाटल्या लपवून ते थांबणार नाही, हे तिथे उमजते. त्याची उधारी फेडणे, कामावर "ताप आलाय" असा खोटा फोन करणे, हे हळूहळू सुटते. घरात मारहाण होत असेल तर मात्र बैठकीची वाट बघू नका; आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या.

दुसऱ्याचा ऐब झाकावा, ही आपली तालीम आहे. पण ऐब झाकणे म्हणजे आजारी माणसाला बंद दाराआड मरू देणे नव्हे. नाव बाहेर जाणार नाही, हा तर बैठकीचा पहिला कायदा आहे. जी पर्दापोशी आपण घरात शोधतो, तीच तिथे मिळते, शिवाय इलाजाची सोबतही.

आता एखादी आई मागे थांबली की आम्ही कुणाला बोलत नाही. एका चिठ्ठीवर १४४४६ लिहून तिच्या हातात देतो.