पंख्याचं बटण कोणाच्या हाती?

पिंपरी-चिंचवडमध्ये वीज जायची असेल तर ती बहुधा गुरुवारी जाते. इथल्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारची, म्हणून महावितरणही देखभाल-दुरुस्तीची कामं त्याच दिवशी काढतं. यंत्रं बंद असताना वाहिनी बंद ठेवली तर उत्पादनाचं नुकसान होत नाही. हिशेब चोख आहे, फक्त त्यात घरी बसलेली माणसं धरलेली नाहीत. पत्र्याखालच्या खोलीत दिवस काढणारी सत्तरीची बाई किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत लिफ्ट बंद पडल्यामुळे वरच्या मजल्यावर अडकलेला, गुडघे गेलेला निवृत्त फिटर यांना गुरुवार काय अन् शुक्रवार काय!

तरीही पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात विजेचा दुष्काळ आहे असं कोणी म्हणणार नाही, आणि ते खरंही नाही. तारा आहेत, मीटर आहेत, घरोघरी पंखे आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेनंतर तर जोडणी नसलेलं घर शोधावं लागतं. पण जोडणी असणं वेगळं आणि हवी तेव्हा, हवी तेवढी वीज वापरता येणं वेगळं. ब्रेंडा बोर्डमन या ब्रिटिश अभ्यासिकेने १९९१ मध्ये ‘फ्युएल पॉव्हर्टी’ या पुस्तकात एक सोपी कसोटी मांडली होती. घर पुरेसं उबदार ठेवायला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून जास्त खर्च लागत असेल तर ते कुटुंब इंधनाच्या बाबतीत गरीब समजावं. आपल्याकडे प्रश्न उबेपेक्षा गारव्याचा, चुलीच्या धुराचा आणि बिलाच्या धास्तीचा. या ऊर्जा-दारिद्र्याचा म्हाताऱ्या माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा हा लेखाजोखा.

कामगार म्हातारे झाले

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. मग आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को आणि त्यांच्या आसऱ्याने भोसरीत शेकडो लघुउद्योग उभे राहिले. सातारा, सोलापूर, कोकण, मराठवाड्यातून आलेली ती पहिली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. मोठ्या कंपन्यांतले कायम कामगार बऱ्यापैकी सावरले. लघुउद्योगांत राबलेल्यांच्या हाती मात्र उरली ती कर्मचारी पेन्शन योजनेची, म्हणजे ‘ईपीएस-९५’ची पेन्शन. तिचं सूत्र असं की पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. सप्टेंबर २०१४ पर्यंत या हिशेबात महिना ६,५०० रुपयांपुढचा पगार सहसा धरलाच जात नसे. किमान पेन्शन १,००० रुपये ठरली तीही त्याच महिन्यात. ज्यांना एवढाही आधार नाही त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली.

चाकणचे वृद्ध निराळे. दोन हजारच्या दशकात महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आल्या आणि खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे इथल्या शेतकऱ्यांनी वावरात खोल्या बांधून भाड्याने दिल्या. तिथे कंत्राटी कामावरची तरुण मुलं राहायला आली. आई-वडील गावी एकटे पडले, की त्यांनाही खोलीवर आणलं जातं. गावाकडे ओटा होता, पार होता, चार ओळखीची माणसं होती. इथे दहा बाय दहाची खोली, मुलगा आणि सून पाळीवर. दिवसभर सोबत कुणाची, तर टीव्हीची आणि पंख्याची. दोन्ही विजेवर चालतात आणि दोन्हींचं बिल मुलगा भरतो.

एका पंख्याचं गणित

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. उन्हाळ्यात दिवसभर घरात असणाऱ्या माणसाने तो वीस तास लावला, तर रोज दीड युनिट आणि महिन्याला ४५ युनिट होतात. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या घरगुती ग्राहकाला जो सगळ्यांत स्वस्त दर मिळतो, त्याची मर्यादा महिन्याला सरासरी ३० युनिटांची. म्हणजे दिवा, टीव्ही, मोबाइल बाजूला ठेवले तरी एकट्या पंख्याने ती ओलांडली जाते.

खोल्यांचं गणित याहून अवघड आहे. घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो: पहिली १०० युनिटं एका दराने, ३०० पर्यंतची त्याहून बऱ्याच चढ्या दराने, पुढची आणखी महाग. समजा, एका मालकाच्या सहा खोल्या एकाच मीटरवर आहेत आणि प्रत्येक खोली ६० युनिटं वापरते. स्वतंत्र मीटर असते तर सहाही घरं पहिल्याच टप्प्यात राहिली असती. एकत्र मिळून मात्र ३६० युनिटं होतात आणि बिल तिसऱ्या टप्प्यात शिरतं. मालक तो भार सबमीटरवर ठोक दराने वाटून टाकतो. कमी वीज वापरणाऱ्या गरिबाला महाग वीज मिळते ती अशी. शिवाय भाडेकरूचं नाव वीजबिलावर नसतं, म्हणून सवलत त्याच्या दारापर्यंत येत नाही आणि तक्रारीला कागदही हाती नसतो. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा ताबेदार, कोणीही जोडणी मागू शकतो. पण मालकाच्या संमतीपत्राशिवाय तो अर्ज बहुधा अडतो.

गॅसचंही तेच. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजना आहे, २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वघोषणापत्रावर जोडणी मिळू लागली आणि २०२४ पासून राज्याची अन्नपूर्णा योजना पात्र महिलांना वर्षाला तीन सिलिंडर देते. पण जोडणी, रेशनकार्ड आणि बँकेचं खातं गावाकडचं असेल तर चाकणच्या खोलीत पाच किलोचा ‘छोटू’ आणावा लागतो, आणि किलोमागे तो महाग पडतो. मग आंघोळीचं पाणी बंबावर तापतं. त्यात कंपन्यांच्या भंगारातून आलेली पॅकिंगची लाकडं जळतात, आणि जाळ घालायचं काम सहसा घरी असलेल्या म्हातारीकडे येतं.

बिलापासून मनापर्यंत

उदासीनता नुसती पैशाच्या ओढीने येत नाही. तिच्या वाटा अनेक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच शरीरातून जातात.

पहिली वाट झोपेची. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत खोलीत धग सोडत राहतो. उतारवयात घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनी उष्णता सोसण्याची ताकद आणखी घटते. तरुण माणूस ज्या खोलीत कसाबसा झोपतो, तिथे म्हातारं माणूस जागं राहतं. सततची अपुरी झोप हे नैराश्याचं लक्षण आहे, तसंच ते नैराश्याला निमंत्रणही आहे.

दुसरी वाट एकटेपणाची. मोबाइल चार्ज नसला की लेकीचा फोन लागत नाही. अंधाऱ्या बोळातून सामायिक संडासापर्यंत जायची भीती वाटते, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच प्यायचं नाही असं कित्येक वृद्ध ठरवून टाकतात. एकदा पडून खुब्याचं हाड मोडलं की घराबाहेरचं जग संपलंच.

तिसरी वाट धुराची. चुलीच्या धुराने दमा आणि फुप्फुसाचा जुनाट विकार बळावतो. धाप लागणारा माणूस चालणं टाळतो, देवळात जाणं सोडतो, लग्नाकार्याला नाही म्हणतो.

चौथी वाट सगळ्यांत अरुंद आणि बाहेरून न दिसणारी. ती आहे मिंधेपणाची. “पंखा कशाला, एकटीच तर आहे मी,” हे वाक्य या पट्ट्यातल्या कुठल्याही आजीच्या तोंडी सहज येतं. घरात कोणी मनाई केलेली नसते. तिने ती स्वतःवर घालून घेतलेली असते, कारण बिल आलं की मुलगा काही बोलत नाही, पण त्याचा चेहरा तिला वाचता येतो. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला स्वतःच्या अंगाला वारा घ्यायचा संकोच वाटू लागतो आणि आपण घराला भार झालोय ही भावना घर करते. ही भावना नैराश्याच्या मुळाशी फार वेळा सापडते.

दवाखान्यात यातलं काही सांगितलं जात नाही. “झोप नाही, भूक नाही, अंगात त्राण नाही, करमत नाही,” एवढंच सांगतात आणि टॉनिक घेऊन परततात. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ‘लासी’ हे देशव्यापी सर्वेक्षण केलं. पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची त्यात पाहणी झाली. प्रमाणित प्रश्नावली लावून पाहिल्यावर साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्य असण्याची शक्यता दिसली. डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलंय असं सांगणारे होते केवळ ०.८ टक्के.

पुरावा काय सांगतो

‘लासी’च्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासांत आणि चीनमधल्या अशाच सर्वेक्षणांत एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळते. लाकूड, शेणी, कोळसा जाळणाऱ्या घरांतल्या वृद्धांमध्ये नैराश्याची लक्षणं जास्त दिसतात. मात्र इथे सावध राहायला हवं. ज्या घरी चूल आहे तिथे गरिबी, आजारपण, वैधव्य, निरक्षरता हेही असतं. शिवाय उदास माणूस बिल भरायचं, सिलिंडर नोंदवायचं टाळतो, त्यामुळे कार्यकारणभाव उलटाही वाहू शकतो.

ही गाठ काही अंशी सुटली ती ब्रिटनमध्ये. तिथल्या सरकारने २००० पासून ‘वॉर्म फ्रंट’ योजनेतून गरीब घरांत तापक आणि भिंती-छपरांची उष्णतारोधक डागडुजी करून दिली. घरं उबदार झाल्यावर रहिवाशांची चिंता आणि उदासीनता कमी झाल्याचं पाहणीत दिसलं. त्यात नुसत्या तापमानाइतकाच, किंबहुना जास्त वाटा ‘आता बिल परवडेल’ या दिलाशाचा होता. म्हणजे ऊर्जेची सोय सुधारली तर मनही सावरतं, हे उपाय करून पाहिल्यावर कळलं.

आपल्याकडेही असा अभ्यास करायला जागा तयार आहे. चाकण-शिक्रापूर रस्त्याने पलीकडे शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प १९७०च्या दशकात डॉ. बानू कोयाजी यांनी तिथे रुजवला. २००२ पासून आसपासच्या गावांतल्या जन्म, मृत्यू, स्थलांतराची नोंद तिथे सलग ठेवली जाते. २००७ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांच्या आरोग्याची पाहणी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने तिथेच झाली. २००३ ते २०१२ या काळातले मृत्यू रोजच्या तापमानाशी ताडून पाहिल्यावर, उष्ण दिवसांत मृत्यू वाढतात हेही त्याच नोंदींतून पुढे आलं. ती गावंही आता कारखान्यांच्या वेढ्यात आहेत. या नोंदींना वीजबिल, छताचा प्रकार आणि मनाची अवस्था या तीन रकान्यांची जोड मिळाली, तर आपल्या मातीतला पुरावा हाती येईल.

करण्यासारखं

पुरावा जमेपर्यंत थांबायचं कारण नाही, कारण काही उपाय स्वस्त आहेत. छतावर चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा पांढरा हात दिला की खोलीचं तापमान काही अंशांनी उतरतं. मे २०१० च्या उष्णलाटेत होरपळल्यावर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे त्यात थंड छतं आणली. तेलंगणाने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच केलं. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा साधारण ३२ वॅटमध्ये चालतो. तोच वीस तास लावला तर महिन्याला १९ युनिटं होतात, म्हणजे ३० युनिटांची मर्यादा मोडत नाही. पण दोन-अडीच हजारांचा पंखा भाड्याच्या खोलीत कोण लावणार? इथे या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सामाजिक निधीला काम आहे. वृक्षारोपणाच्या फलकांपेक्षा कंत्राटी कामगारांच्या खोल्यांतले पंखे बदलले तर त्याचा हिशेब युनिटांत मांडता येईल.

वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, असं वीज कायद्याचं कलम ५६ सांगतं. घरात एकटं वृद्ध माणूस आहे का, हे मात्र त्यात कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात एकट्या राहणाऱ्या निवृत्ताची वीज तोडता येत नाही. आपल्याकडे हाच नियम मार्च ते जूनसाठी का नसावा?

डॉक्टरांनीही आपल्या प्रश्नांत दोन प्रश्न वाढवावेत: रात्री पंखा लावता का, आणि स्वयंपाक कशावर होतो? पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयापासून गावातल्या खासगी दवाखान्यापर्यंत कुठेही ते विचारता येतील. मनाच्या तक्रारीसाठी १४४१६ ही ‘टेलिमानस’ची आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ची मोफत सेवा आहे. हे दोन्ही क्रमांक वीजबिलाच्या मागे छापायला किती खर्च येईल?

हे सगळं अवघड वाटत असेल तर २००६ आठवावं. राज्यभर भारनियमन चालू असताना पुणे आणि पिंपरी-चिंचवड त्यातून सुटले होते. इथल्या कारखान्यांनी आपली जनित्रं चालवली, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळाली आणि जादा खर्चाचा भार ३०० युनिटांहून अधिक वापरणाऱ्यांवर टाकला गेला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून त्याचं देशभर नाव झालं. पुणे ग्रामीणमधल्या गावांना मात्र ती सोय नव्हती. विजेची वाटणी ठरवून बदलता येते आणि जास्त वापरणाऱ्याने कमी वापरणाऱ्याचा भार उचलावा हे लोक मान्य करतात, हे या पट्ट्याने एकदा सिद्ध करून दाखवलं आहे. तेव्हा गरज उद्योगांना आणि सुस्थितीतल्या शहराला होती, म्हणून मार्ग निघाला. आता गरज त्याच कारखान्यांत हाडं झिजवलेल्यांना आणि आज तिथे राबणाऱ्यांच्या आई-वडिलांना आहे. एकदा जमलेलं गणित त्यांच्यासाठी पुन्हा मांडायला वीज नियामक आयोग, महावितरण, महापालिका आणि कारखानदार यांनी एका टेबलाशी बसणं एवढंच उरलंय.