अदृश्य शिरस्तेदार

५ सप्टेंबर २००६ रोजी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पालो आल्टो नामक गावी, ऐन तारुण्यातील मूठभर मंडळींनी एक फेरफार अमलात आणला आणि त्यानंतर ज्या लक्षावधी विद्यार्थ्यांनी आपापले फेसबुक उघडले त्यांच्यापुढे, आजवर कधी न पाहिलेली अशी एक यादी उभी राहिली: अमक्याने नवे छायाचित्र लावले, तमकी एका मंडळात दाखल झाली, आणि ज्यांचे प्रेम कालपर्यंत महाविद्यालयात गाजत होते त्या जोडप्यातील एकाने आपण आता एकटे असल्याची नोंद केली. या यादीचे नाव ‘न्यूज फीड’. तिच्या आगमनाची वर्दी देणारे निवेदन ज्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले त्या रुची संघवी पुण्यात वाढलेल्या, कार्नेगी मेलन विद्यापीठात अभियांत्रिकी शिकलेल्या आणि फेसबुकमध्ये रुजू झालेल्या पहिल्या स्त्री अभियंत्या होत. जगातील कोणत्याही घडामोडीशी पुण्याचा संबंध जोडून दाखविण्याची पैज मारणारे एक सद्गृहस्थ आमच्या आळीत राहतात. त्यांना ही हकिकत मी मुद्दाम सांगितलेली नाही, कारण मग आमच्या सकाळच्या फिरण्यात दुसरा विषयच निघावयाचा नाही.

माझी हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली. कागदाने कागदाशी कसे वागावे, कोणता कागद कोणापुढे केव्हा जावा, याच विवंचनेत केस पांढरे झालेल्या माणसास निवृत्तीनंतर समाजमाध्यमांचे करारनामे आणि खुलासे वाचण्याचा नाद लागावा यात नवल नाही. या नादापायी जे काही वाचनात आले त्यात २००६ च्या त्या आठवड्याइतके मनोरंजक प्रकरण मला दुसरे आढळले नाही. म्हणून त्याविषयी थोडे सैल हाताने लिहितो.

त्यापूर्वी फेसबुकवर मित्राची खबरबात हवी असल्यास त्याच्या पानावर स्वतः जावे लागे. न्यूज फीडने ही पायपीट वाचविली. कोणाचेही गुपित तिने फोडले नाही. जो मजकूर ज्याला पूर्वी पाहता येत असे तोच त्याला आताही दिसत होता. असे असूनही नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने निषेधासाठी काढलेल्या मंडळात थोड्याच दिवसांत सात लाखांच्या घरात लोक सामील झाले, आणि त्या वेळी फेसबुकची एकंदर सभासदसंख्या एक कोटीच्या आसपास होती हे ध्यानात घेता, एखाद्या तालुक्यातील दर दहा-पंधरा खातेदारांमागे एकाने कचेरीवर मोर्चा न्यावा असाच हा प्रकार झाला. संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी प्रथम ‘शांत व्हा, श्वास घ्या, आम्ही ऐकत आहोत’ अशा आशयाचे उत्तर दिले. मुलांना ते अर्थातच अधिक झोंबले. अखेर ८ सप्टेंबरला जाहीर पत्र लिहून त्यांनी चूक पदरात घेतली आणि कोणती हालचाल यादीत जावी व कोणती जाऊ नये हे ठरविण्याची मुभा सभासदांना दिली.

यातली खरी मौज पुढेच आहे. निषेधाच्या मंडळात कोणी सामील झाला की ती बातमी न्यूज फीडच त्याच्या सर्व मित्रांना कळवी, त्यातून आणखी मित्र सामील होत. म्हणजे ज्या यंत्राविरुद्ध फिर्याद होती त्याच यंत्राने फिर्यादी गोळा केले. रागावलेली मंडळी पूर्वीपेक्षा अधिक वेळ फेसबुकवर बसू लागली आहेत हे कंपनीच्या दप्तरी नोंदले गेले, आणि यादी कायम राहिली. संताप आणि आसक्ती यांची बेरीज एकाच आकड्यात होते हा शोध, माझ्या मते, या सबंध उद्योगाचा मूलभूत शोध आहे. नंतरचे सारे तपशील त्याचा विस्तार होत.

मग मुलांचा आक्षेप नेमका कशाला होता? डेना बॉइड या अभ्यासिकेने तेव्हाच त्याचे मर्म ओळखले. एखादी गोष्ट कोणाला पाहता येणे आणि ती त्याच्यापुढे आणून ठेवली जाणे यांत फार अंतर असते, आणि त्या अंतरावर विसंबूनच माणसे एकमेकांत वावरत असतात. हेलन निसेनबाम या विदुषीने हाच विचार सिद्धान्तरूपाने मांडला: माहिती ज्या संदर्भात दिली जाते त्या संदर्भाचे संकेत तिच्यासोबत चालतात, रोग्याने वैद्यास सांगितलेली व्यथा धन्याच्या कानी गेली तर ती खरी असूनही विश्वासघात होतो. खासगीपण म्हणजे लपवालपव अशी जी आपल्याकडे सरसकट समजूत आहे, आणि ‘माझ्याजवळ लपविण्यासारखे आहेच काय?’ असा जो प्रश्न मला प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी विचारतो, त्याला याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही.

येथे मला माझी कचेरी आठवल्याशिवाय राहत नाही. टपालाने आलेला प्रत्येक अर्ज आवक बारनिशीत तारीखवार चढे. बारनिशीला पक्षपात नसतो, जो आधी आला तो आधी. परंतु साहेबांच्या मेजावर अर्ज बारनिशीच्या क्रमाने जात नसत. तो क्रम शिरस्तेदार लावी. तो कागद फाडीत नसे, त्यात एक अक्षर घालीत नसे, फक्त कोणता वर आणि कोणता तळाशी एवढे ठरवी. आणि जुनेजाणते पक्षकार साहेबांच्या आधी त्याला रामराम घालीत ते उगाच नव्हे. आजचे फीड हा असाच एक शिरस्तेदार आहे. फरक इतकाच की, कचेरीतला शिरस्तेदार सर्वांच्या ओळखीचा असे, त्याच्याविरुद्ध वर अर्ज करता येई, आणि बारनिशी काढून त्याच्या क्रमाची रुजवात घालता येई.

रुजवातीवरून आठवले. पुण्याचे पेशवे दप्तर पाहण्यास मी वेळोवेळी जातो. तांबड्या-पांढऱ्या रुमालांत बांधलेल्या त्या कागदांच्या रांगांमधून चालताना, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या अरण्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले या गोष्टीचे दडपण येते. पिढ्यान् पिढ्यांनी मराठ्यांचा इतिहास पुष्कळसा त्यांच्या निवडीतून पाहिला. निवडीविषयी आणि दप्तर कोणाला खुले व्हावे याविषयी पुण्यातील संशोधकांत कुरबूरही झाली. तथापि निवड करणाऱ्याचे नाव प्रत्येक खंडावर छापलेले होते आणि न निवडलेले रुमाल जागच्या जागी होते, आजही आहेत. ज्याला शंका असेल त्याने रुमाल सोडावा. माझ्या भ्रमणध्वनीवर आज सकाळी जे दाखविले गेले नाही त्याचे रुमाल मी कोठे सोडावयाचे?

पार्श्वभूमीचे कर्तव्य येथे घाईने उरकतो. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्डमध्ये जन्मले, त्याच वर्षी आलेले ऑर्कुट भारतात लोकप्रिय झाले व सप्टेंबर २०१४ मध्ये मिटले, ‘लाइक’चा अंगठा २००९ चा, इन्स्टाग्राम व ट्विटर यांनी २०१६ मध्ये तारीखवार क्रमाला रजा दिली, टिकटॉकने ओळखीपाळखीची अटच काढून टाकून केवळ पाहणाऱ्याच्या नजरेवर क्रम बेतला, आणि २९ जून २०२० रोजी भारत सरकारने त्यावर बंदी घातल्यावर त्याची जागा त्याच घाटाच्या इतर चित्रफितींनी घेतली.

शिरस्तेदार क्रम लावतो कसा? ढोबळ मानाने असा: तुम्हांस दाखविता येतील अशा शेकडो नोंदी प्रथम गोळा होतात, मग त्यांतील प्रत्येकीवर तुम्ही थांबाल काय, अंगठा दाबाल काय, शेरा लिहाल काय, पुढे पाठवाल काय, याचा तुमच्या पूर्ववर्तनावरून अंदाज बांधला जातो, आणि प्रत्येक कृतीला ठरविलेल्या गुणांनी त्या अंदाजास गुणून बेरीज घेतली जाते. सारे राजकारण त्या गुणांत आहे. फेसबुकवर २०१६ मध्ये अंगठ्याच्या जोडीला प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग यांची चिन्हे आली, आणि २०१७ पासून या चिन्हांना अंगठ्याच्या पाचपट गुण मिळू लागले. रागही त्यांत आला. रागाचे चिन्ह मिळविणाऱ्या मजकुरात खोटेपणा आणि विखार यांचा भरणा अधिक असतो असे कंपनीच्याच अभ्यासकांना दिसून आले, आणि उतरत उतरत सप्टेंबर २०२० मध्ये रागाचे गुण शून्यावर आले. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी हे उजेडात आणले नसते, तर कोट्यवधी माणसांच्या कपाळावरील आठ्यांचा भाव कोणीतरी पाचपट लावून ठेवला होता हे आपल्याला कळले नसते.

त्याहून विलक्षण प्रकरण जानेवारी २०१२ चे. एका आठवड्यात ६,८९,००३ सभासदांच्या फीडमधून, काहींच्या बाबतीत आनंदाचे तर काहींच्या बाबतीत खेदाचे शब्द असलेल्या नोंदी कमी करण्यात आल्या आणि त्या सभासदांच्या स्वतःच्या लेखनावर त्याचा काय परिणाम होतो हे मोजण्यात आले. परिणाम अत्यल्प निघाला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु जून २०१४ मध्ये हा प्रयोग शोधनिबंध म्हणून छापून आला तेव्हा, प्रयोगास सभासदांची संमती होती काय या प्रश्नावर उत्तर मिळाले ते असे की, खाते उघडताना मान्य केलेल्या अटींत ती आलीच. मी आयुष्यभर कबुलायती पाहिल्या आहेत. कुळाने अंगठा उठविला म्हणजे त्याने मजकूर वाचला असे मानणारा अधिकारी मला तरी भेटला नाही.

संमतीचा आणखी एक हिशेब आपल्या देशाचा आहे. ‘केंब्रिज अॅनालिटिका’ प्रकरणात जगभरातील ८ कोटी ७० लाख सभासदांची माहिती परहस्ते गेली असावी असे फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये कबूल केले. भारतापुरते बोलायचे तर, व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेणाऱ्या ज्या अॅपमधून ही माहिती गेली ते येथील अवघ्या ३३५ जणांनी उतरवून घेतले होते. आणि त्यांच्या मित्रयादीत असल्याच्या अपराधाबद्दल ५,६२,१२० जण त्यात ओढले गेले. दर एका संमतीमागे सोळाशेंहून अधिक बिनसंमतीचे! आपली माहिती आपल्या मित्राच्या मुखत्यारीत असते, आणि त्या मुखत्याराला तसे कोणी सांगितलेलेही नसते.

एवढे वाचून एखादा वाचक म्हणेल, शिरस्तेदार हटवा, नुसती बारनिशी ठेवा. त्याला मी साक्री तालुक्यातील राईनपाड्याची आठवण देईन. १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षुकीसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, मंगळवेढ्याकडच्या पाच जणांना जमावाने तेथे ठार मारले. त्या काळात अशा अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. व्हॉट्सॲपवर संदेश आल्या क्रमाने दिसतात आणि एप्रिल २०१६ पासून ते मधल्या मध्ये कोणाला वाचता येत नाहीत. म्हणजे क्रम निष्पक्ष, खासगीपण शाबूत, आणि तरीही. कारण तेथे क्रमाचे काम धाडणाऱ्याच्या नात्याने केले: मामाने पाठविले म्हणजे खरे असणार. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे धाडलेल्या संदेशावर तशी खूण उमटू लागली. कागद मुळात कोठून आला याचा शेरा कागदावर हवा, हे आमच्या कचेरीतला उमेदवार कारकूनही पहिल्या महिन्यात शिकत असे.

म्हणून माझा आग्रह शिरस्तेदार काढून टाकण्याचा नाही. त्याला नाव, नियम आणि बारनिशी असावी एवढाच आहे. युरोपीय संघाने डिजिटल सेवांच्या कायद्यात हे केले. मोठ्या मंचांना ऑगस्ट २०२३ पासून, क्रम कोणत्या निकषांवर लागतो हे अटींत सांगावे लागते आणि वैयक्तिक माहितीवर न बेतलेला एक तरी पर्याय द्यावा लागतो. जर्मनीत भाचीकडे गेलो असता तिच्या टिकटॉकवर तो पर्याय मी हट्टाने चालू करविला. क्षणार्धात तिच्या आवडीची विणकामाची आणि मांजरांची दुनिया नाहीशी झाली आणि त्या प्रदेशात जे सर्वांना आवडते ते, म्हणजे बहुधा फुटबॉल आणि आचरट नाच, समोर आले. ‘मामा, हे फारच कंटाळवाणे आहे हो,’ म्हणत तिने थोड्याच वेळात पुन्हा जुनी व्यवस्था लावली. मला त्यात पराभव वाटला नाही. शिरस्तेदार तिने स्वतः नेमला होता, आणि बडतर्फीची कळ तिच्या हाती होती.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती, सूचना आणि दंड यांची तजवीज केली; परंतु माहिती घेतल्यावर तिच्या बळावर लावला जाणारा क्रम कोणाच्या मर्जीने लागावा याविषयी त्यात एकही कलम नाही. तसे कलम येईतोवर जे हाती आहे ते करावे: फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स यांवर केवळ आपण जोडलेल्या लोकांचा मजकूर दाखविणारा वेगळा कप्पा आहे, तो वापरावा, यूट्यूबवर पाहिल्याची नोंद बंद करून जुनी पुसली की मुखपृष्ठावरच्या शिफारशी थांबतात, तेही करून पाहावे. आणि आपल्या खासदारांची गाठ पडेल तेव्हा रस्ते, पाणी यांच्या अर्जाखाली एक ओळ जोडावी, की क्रम लावणाऱ्याचे निकष जाहीर करणारे आणि तो नाकारण्याची सोय देणारे कलम आम्हांसही हवे.