छत्री कोणत्या उपग्रहाकडे वळवायची?

भारताचा एखादा महत्त्वाचा क्रिकेट सामना कायद्याने दूरदर्शनच्या वाट्याला येतो, तेव्हा एक गंमत घडते. डिशच्या कंपनीला दरमहा तीन-चारशे रुपये मोजणाऱ्या घरात डीडी स्पोर्ट्स लावलं, तर तिथे सामना सोडून भलतंच काहीतरी चालू असतं. त्याच गल्लीच्या टोकाला, पत्र्यावर दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशची छत्री बसवलेल्या खोलीत मात्र तोच सामना, तोच डीडी स्पोर्ट्स, आणि महिन्याचा खर्च शून्य. पैसे भरणारा वैतागून कस्टमर केअरला फोन लावतो. चूक त्याच्या डब्याची नसते आणि कंपनीचीही नसते.

2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कधारकांना दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ते प्रक्षेपण केबलवरून आणि खासगी डीटीएचवरूनही घरोघरी जाऊ लागलं, आणि कोट्यवधी मोजून हक्क विकत घेणारे न्यायालयात गेले. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: हे सामने दूरदर्शनने स्वतःच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून दाखवावेत, इतरांच्या जाळ्यातून नव्हे. म्हणून खासगी डिशवर सामना बघायचा तर क्रीडावाहिनी विकतच घ्यावी लागते. आयपीएल या कायद्याच्या यादीत नाही. त्यामुळे आयपीएलसाठी जीव टाकणाऱ्याला फ्री डिशचा हा लाभ नाही.

मोफत की विकतचं, हा प्रश्न आज बहुतेक घरांत रिचार्ज संपल्याच्या मेसेजबरोबर येतो. पंचवीस वर्षांपूर्वी तो वेगळ्या रूपात होता. काडीवाला अँटेना होता, त्यावर दूरदर्शन दिसायचं, बाकी सगळं केबलवाल्याच्या मर्जीवर. ऑक्टोबर 2003 मध्ये डिश टीव्ही आलं आणि घराच्या छतावर थेट उपग्रहावरून चित्र उतरवण्याची सोय देशात पहिल्यांदा झाली. पाठोपाठ डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनने 33 वाहिन्यांनिशी 'डीडी डायरेक्ट प्लस' सुरू केलं. 2014 मध्ये त्याचं नाव 'डीडी फ्री डिश' झालं. मधल्या काळात टाटा स्काय (2022 पासून टाटा प्ले), सन डायरेक्ट, एअरटेल, व्हिडिओकॉन डीटूएच असे खेळाडू उतरले. त्यांतलं डीटूएच 2018 मध्ये डिश टीव्हीत विलीन झालं. अँटेनाचं युगही संपलं आहे. दूरदर्शनचे बहुतेक जुने ॲनालॉग ट्रान्समीटर 2022 च्या सुरुवातीपर्यंत बंद करण्यात आले. तेव्हा आता फुकटचा टीव्ही म्हणजे व्यवहारात फ्री डिशच.

फ्री डिशचा खर्च एकदाच होतो. छत्री, तिच्यासमोरचा सिग्नल पकडणारा एलएनबी, वायर आणि डबा मिळून साधारण दीड-दोन हजार रुपये. मग रिचार्ज नाही, केवायसी नाही, ग्राहक क्रमांक नाही. नोंदणीच नसल्यामुळे किती घरांत हे चालतं याचा नेमका हिशेब कुणाकडेच नाही. माध्यम उद्योगाचे अंदाज पाच कोटी घरांच्या आसपास जातात. खासगी डीटीएचची आकडेवारी मात्र ट्राय या नियामकाकडे असते आणि ती उतरती आहे: मार्च 2021 मध्ये सात कोटींच्या जवळ असलेले सक्रिय ग्राहक मार्च 2025 पर्यंत 5.7 कोटींवर आले. गेलेले सगळे फ्री डिशकडेच वळले असं नाही. बरेच जण मोबाइल आणि स्मार्ट टीव्हीवर गेले.

मग फुकटच्या टीव्हीचे पैसे भरतं कोण? वाहिन्याच भरतात. फ्री डिशवरची जागा प्रसार भारती ई-लिलावाने विकते आणि त्यातून वर्षाला शेकडो कोटी रुपये उभे राहतात. वाहिनीवाले ते जाहिरातींतून वसूल करतात. सांधेदुखीचं तेल, केसांचं औषध, 'आत्ताच फोन उचला' छापाच्या लांबलचक जाहिराती मोफत वाहिन्यांवर एवढ्या का दिसतात, याचं उत्तर इथे आहे. लिलावात हिंदी मनोरंजनाची बोली सर्वात वरून सुरू होते, कारण हिंदी पट्ट्यातली खेडी हाच फ्री डिशचा गड. तिथला प्रेक्षक 2015 नंतर टीआरपीच्या मोजणीत आला आणि झी अनमोलसारखी जुन्या मालिका दाखवणारी वाहिनी ग्रामीण भागात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली.

हे यश वाहिन्यांना गोड लागलं आणि सलूही लागलं. जी मालिका शहरात पैसे घेऊन दाखवायची, तिची जुनी आवृत्ती गावात फुकट मिळत असेल तर लोक पैसे कशाला देतील? मार्च 2019 मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चारही मोठ्या समूहांच्या वाहिन्या फ्री डिशवरून उतरल्या. जाहिरातींचं उत्पन्न आटलं, तशा जून 2020 मध्ये परतल्या. एप्रिल 2022 मध्ये पुन्हा बाहेर. प्रेक्षकाला यातलं काहीच कळवलं जात नाही. एका सकाळी नेहमीच्या क्रमांकावर वेगळीच वाहिनी दिसते आणि मग घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन 'ऑटो स्कॅन' करत बसतं. फुकट घेणाऱ्याला तक्रारीचा हक्क राहत नाही, ही या व्यवस्थेची खरी किंमत आहे, आणि ती कोणत्याच बिलावर छापलेली नसते.

मराठी घरापुरता विचार केला तर गणित आणखी बदलतं. फ्री डिशवर हिंदी आणि भोजपुरीची रेलचेल आहे. मराठीत दूरदर्शनची सह्याद्री ही हमखास दिसणारी वाहिनी. बाकी मोफत मराठी वाहिन्या दरवर्षीच्या लिलावाप्रमाणे आत-बाहेर करतात. 2020 मध्ये शेमारूची मराठीबाणा आणि 2021 मध्ये झी चित्रमंदिर या चित्रपटांच्या मोफत वाहिन्या निघाल्या, त्या याच प्रेक्षकाकडे डोळा ठेवून. पण संध्याकाळी सात ते दहा ज्या मालिकांभोवती घरातलं स्वयंपाकाचं वेळापत्रक बसवलेलं असतं, त्या झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीवर असतात, आणि या तिन्ही विकतच्या. त्या फ्री डिशवर येण्याची शक्यता आता तर आणखी कमी. जुलै 2024 मध्ये ट्रायने नियम केला की जी वाहिनी सरकारी डीटीएचवर फुकट दिसते, ती इतर सर्व ठिकाणीही मोफत म्हणूनच जाहीर करावी लागेल. म्हणजे झी मराठीला गावात फुकट आणि पुण्यात विकत असं दुहेरी दुकान मांडता येणार नाही.

सह्याद्रीला मात्र कमी लेखू नये. 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्रीवरूनच सुरू झाली. ऑनलाइन वर्गासाठी लागणारा मोबाइल आणि नेटपॅक ज्या घरात नव्हता, तिथे छपरावरची छत्री कामाला आली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना फ्री डिशचा वेगळाच फायदा आहे. उपग्रहाचा सिग्नल राज्याची सीमा ओळखत नाही. इंदूर, बडोदा किंवा बेळगावच्या घराला सह्याद्री बघायला स्थानिक केबलवाल्याची मनधरणी करावी लागत नाही.

आता विकतच्या बाजूचा हिशेब. 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दररचना लागू झाली आणि ग्राहकाला हव्या त्याच वाहिन्या सुट्या घेण्याचा हक्क मिळाला. ऐकायला छान वाटतं. पण सोबत आलं नेटवर्क क्षमता शुल्क: पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी महिना 130 रुपयांपर्यंत, वर 18 टक्के जीएसटी. त्या वेळी झी मराठीचा सुटा दर 19 रुपये होता, स्टार प्रवाहचा 9. एखाद्या घराला फक्त या दोनच विकतच्या वाहिन्या हव्या आहेत असं धरू. वाहिन्यांचे 28 रुपये, त्यात 130 ची भर म्हणजे 158, आणि करासह 186 रुपये 44 पैसे. ज्या भाजीसाठी खानावळीत शिरलो ती स्वस्त, पण रिकाम्या ताटाचं भाडं तिच्या साडेचार पट! पुढे 2020 मध्ये तेवढ्याच शुल्कात दोनशे वाहिन्या देण्याचं बंधन आलं, आणि जुलै 2024 मध्ये ट्रायने या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून घेतली. आता कंपनी आपला आकडा ठरवते आणि जाहीर करते.

एवढं असूनही सुट्या वाहिन्या निवडणारी घरं थोडी. बहुतेक जण दुकानदार किंवा ॲप सुचवेल तो पॅक घेतात आणि त्यातल्या पंधरा-वीस वाहिन्यांच्या पलीकडे कधी जात नाहीत. मराठी पॅक म्हणून घेतलेल्या यादीत हिंदी बातम्यांचा भरणा असतो. भक्तिसंगीत असतं, टेलिशॉपिंगही असतं. पॅक बदलण्याआधी घरातल्या प्रत्येकाने आठवडाभर काय पाहिलं ते कागदावर उतरवून काढलं, तर यादी सहसा दहाच्या आत संपते. ज्या घरात त्या दहांत झी मराठी किंवा स्टार प्रवाह आहे, लहान मुलांची कार्टून वाहिनी आहे, आणि मोठ्या पडद्यावर एचडी चित्राची सवय लागली आहे, तिथे पैसे भरण्याला अर्थ आहे. फ्री डिशवर खासगी एचडी वाहिन्यांची आशा धरू नये. 43 इंची पडद्यावर तिथलं चित्र जवळून बघवत नाही.

बातम्या, जुने चित्रपट, सह्याद्री आणि भारताचे दूरदर्शनवर येणारे सामने एवढ्यावर ज्यांचं भागतं, त्यांनी दर महिन्याला रिचार्ज करत राहण्यात मात्र शहाणपण नाही.

बदल करायचा ठरला की काम छतावर येतं. फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-15 या उपग्रहावरून होतं. तो विषुववृत्ताच्या वर 93.5 अंश पूर्व रेखांशावर असतो. मुंबईहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास 58 अंश उंचीवर येतो. टाटा प्लेची छत्री 83 अंशांवरच्या उपग्रहांकडे बघते, म्हणजे ती दक्षिणेकडे अधिक वळलेली असते, तर एअरटेलची 108.2 अंशांकडे, बरीच पूर्वेला. म्हणून कोकणातल्या कौलांवर आणि नागपूरच्या गच्च्यांवर सगळ्या छत्र्यांची तोंडं साधारण आग्नेयेला दिसली, तरी नीट पाहिलं तर प्रत्येकीची मान थोडी वेगळी असते. कंपनीचं कनेक्शन बंद केलेल्या घरात जुनी छत्री बहुतेक वेळा कामाला येते. कारागीर पान्याने नट सैल करतो आणि पत्रा बोट-बोटभर सरकवतो. खाली टीव्हीसमोर बसलेल्याने ओरडून सांगायचं, "आलं... गेलं... थांबा, आलं!" सिग्नल मीटर असेल तर ही आरडाओरड वाचते. पाच अंशांची चूकसुद्धा फार झाली, पडदा कोराच राहतो.

पावसाच्या बाबतीत दोन्ही पक्ष सारखे. मोफत आणि विकतचं, दोन्हीही केयू बँडवर येतात, आणि जोराच्या सरीत या लहरी पाण्यात शोषल्या जातात. आंबोलीत किंवा महाबळेश्वरात आषाढातल्या धो-धो दिवशी पडद्यावर 'नो सिग्नल' झळकलं, तर कंपनी बदलून फरक पडत नाही. थोडी मोठी छत्री, घट्ट नट आणि पाणी न शिरणारे वायरचे जोड यांनी मात्र फरक पडतो.

जुना डबा तेवढा वाया जातो. खासगी कंपन्यांचे सेट टॉप बॉक्स एकमेकांच्या सेवेवर चालत नाहीत. कुलूप त्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच असतं. मोबाइल क्रमांकासारखी अदलाबदल टीव्हीतही असावी, असा प्रस्ताव ट्रायने एप्रिल 2020 मध्ये सरकारला दिला. तो कागदावरच आहे. याउलट फ्री डिशवरच्या एमपेग-2 वाहिन्यांना कुलूप नसल्याने बाजारात मिळणारा कोणताही साधा मोफत डबा चालतो, एमपेग-4 वाहिन्यांसाठी तेवढं दुकानात विचारून घ्यावं. नव्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असावा यासाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस 18112 हे मानक केलं आहे. असा संच असेल तर वेगळ्या डब्याची गरज उरत नाही, छत्रीची वायर सरळ टीव्हीत जाते.

इंटरनेट चांगलं असलेल्या घरांसाठी आणखी एक वाट निघाली आहे. छतावर फ्री डिश, आणि हव्या त्या दोन-चार मालिकांसाठी एखादं ॲप. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी 'वेव्ह्ज' हे स्वतःचं ॲप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात. ज्या गावात संध्याकाळी नेट रडतं, तिथे मात्र छत्रीला पर्याय नाही. काही घरांनी तोडगा काढला आहे तो असा: दिवाणखान्यात कंपनीचं कनेक्शन, आणि आजोबांच्या खोलीत किंवा दुकानाच्या गल्ल्यामागे फ्री डिश. दुसऱ्या टीव्हीसाठी कंपनीला वेगळे पैसे देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि भारताचा सामना दूरदर्शनवर असला की दिवाणखान्यातली मंडळीही आजोबांच्या खोलीत येऊन बसतात.

कंपनी सोडायची असेल तर खात्यातली शिल्लक आधी वापरून घ्यावी, आणि डबा भाड्याचा की मालकीचा ते विचारावं. फ्री डिश घ्यायची असेल तर एप्रिलचा पहिला आठवडा उलटू द्यावा. लिलावाचं वर्ष 1 एप्रिलला बदलतं, आणि कोणत्या मराठी वाहिन्यांनी या खेपेला जागा घेतली आहे ते तेव्हाच स्पष्ट दिसतं.