पणजोबा कोणत्या पलटणीत होते? सरकारी कागद नसला तरी असा लागतो शोध

‘पणजोबा मिलिटरीत होते, बसऱ्याच्या लढाईला गेले ते परत आलेच नाहीत.’ सातारा आणि कोकण भागातल्या अनेक घरांत एवढंच माहीत असतं. पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायाची फाइल सहसा हाती लागत नाही. तरीही माग काढता येतो. त्यासाठी नुसतं नाव पुरत नाही. शिपायाचा नंबर आणि पलटण लागते.

पदकाची कड वाचा

पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. उजेडात तिरकं धरून मोबाइलवर फोटो काढा. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचं असेल तर ते बहुतेक शिपायाचं. ब्राँझचं असेल तर मजूर तुकडीतल्या किंवा बिगरलढाऊ कामावरच्या माणसाचं. हे पदक शौर्याचं नाही, सेवेचं आहे.

पलटणीचे नंबर बदलले

१९२२ मध्ये पलटणींची फेररचना झाली. ११० वी मराठा पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन, म्हणजे ‘तीन-पाच’ झाली. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. त्यामुळे पलटणीसोबत सनही जुळवून पाहावं.

युद्धात गेले असतील तर

‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन’च्या वेबसाइटवर दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नावं फुकट शोधता येतात. नंबर टाकूनही शोध होतो. काही नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही सापडतं. मात्र जिवंत परतलेल्यांची नावं तिथे नसतात.

नाव मिळालं नाही म्हणून लगेच थांबू नका. इंग्रजीत नावं कानावर पडतील तशी लिहिली गेली, त्यामुळे शिंदेचं ‘सिंदे’ झालेलं असू शकतं. जिल्हाही जुना धरा: सिंधुदुर्गसाठी रत्नागिरी, रायगडसाठी कुलाबा, सांगलीतल्या बऱ्याच गावांसाठी सातारा.

पलटण कुठे होती?

पलटण कळली की तिची वाटचाल शोधता येते. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्ध-रोजनिशी जपलेल्या आहेत. उदाहरणार्थ, १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी इराकमधल्या कुत इथे वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. यांपैकी एखाद्या पलटणीतला शिपाई त्यानंतर काही महिन्यांत वारला असेल, तर तो कैदेत गेला असण्याची शक्यता आहे. पण ती शक्यताच, पुरावा नव्हे.

परत आले असतील तर

डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे कागद, जुनी पत्रं शोधा. गावात युद्धाला गेलेल्यांची संख्या लिहिलेली दगडी पाटी असेल तर तिचाही फोटो घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. रेजिमेंट कळल्यास तिच्या केंद्राला पत्र लिहा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला आहे.

सगळ्यात आधी मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. पदक पुढच्या वर्षीही पेटीत असेल, आजीच्या आठवणींचं तसं नाही.